भरल्या गाडीचा ब्रेक

ब्रेक मऊ लागतो, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी गाडीकडं बघत नसे, त्याच्या पायाकडं बघत असे. जाड तळव्याचे बूट घालणारा माणूस ब्रेकबद्दल जे सांगतो, त्यातलं निम्मं त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं असतं. टायरची चप्पल घालणाऱ्याचं तर बोलायलाच नको. पण अनवाणी पायानं गाडी चालवणारा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "मिस्त्री, पेडल लिबलिब करायलंय," की मी हातातला चहा खाली ठेवायचो. उघड्या पायाला खोटं सांगता येत नाही.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. आता ते भाचा बघतो. गाडीला वायर जोडली की दोष पडद्यावर दाखवणारं यंत्र त्याच्याकडं आहे. मी दुपारी जाऊन खुर्ची टाकून बसतो आणि कोणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहाल का, असा निरोप आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भाच्याला झाला. म्हणाला, "मामा, लिहाच. तेवढे दिवस तरी आमाला काम करू द्याल."

तर आधी ब्रेकचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करा आणि दांडा दाबा. आत हवा असेल तर दांडा थोडा आत जातो आणि परत वर ढकलतो. आता त्याच पंपात पाणी भरून दाबा. दांडा दगडासारखा उभा राहील. गाडीच्या ब्रेकमध्ये पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल असतं, एवढाच फरक. तुम्ही पायानं पेडल दाबलं की बारक्या पायपांमधून तो दाब चारी चाकांपर्यंत पोचतो. पण पायपात कुठं हवेचा बुडबुडा शिरला, तर तुमच्या पायाचं बळ चाकापर्यंत जातच नाही, त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होतं. पेडल मऊ लागतं, खोल जातं, आणि गाडी थांबायची तिथं थांबत नाही. आमच्या धंद्यात "हवा काढणं" म्हणतात ते हा बुडबुडा बाहेर हाकलणं.

ऐकायला सोपं आहे. पण मऊ ब्रेकची कारणं माणसांच्या स्वभावाइतकी असतात. एका गिऱ्हाइकानं ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून घरचं गोडेतेल ओतलं होतं. तेल ते तेल, असं त्याचं म्हणणं. आतले रबर भज्यासारखे फुगले होते. दुसरे एक गृहस्थ नवी जीप घेऊन आले, ब्रेक दाबला की काहीतरी मऊ मऊ लागतं म्हणाले. मी खाली वाकलो, तर पेडलच्या मागं अमावस्येला बांधलेलं लिंबू सुटून अडकलेलं. मी ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावून परत बांधलं, आणि गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबानंच गाडीला अपघात होणार होता, हे माझं बोलणं त्यांनी अजिबात ऐकून घेतलं नाही.

ही झाली हसण्याची प्रकरणं. ज्या एका ब्रेकनं माझी झोप उडवली, तो दुष्काळातला होता.

बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावात दूध संस्था होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली मंडळी हा अंक वाचतात आणि मग बसस्टँडवर मला धरतात. त्या साली विहिरी कोरड्या पडल्या, कडबा संपला, तेव्हा संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी माळावर छावणी उघडली. संस्थेच्या चेअरमनला सगळे आबा म्हणत. धिप्पाड माणूस, डोक्याला पांढरा पटका, आवाज असा की माळाच्या ह्या टोकाला बोलले तर त्या टोकाची म्हैस कान टवकारायची. पण मनानं खरा. स्वतःची बैठक सोडून छावणीतच खाट टाकून राहत होता. चारा कुठून तरी मिळत होता. पाणी मिळत नव्हतं. घाट चढून वर गेलं की पठारावरच्या एका विहिरीला तेवढा झरा टिकून होता. तिथून पाणी खाली आणायचं, एवढाच मार्ग राहिला होता.

संस्थेकडं दूध गोळा करणारी एक जुनी व्हॅन होती. पुढं कॅबिन, मागं खिडक्यांना पत्रे मारलेली बंद खोली. दूध आटलं तसं कॅनच्या जागी पाण्याची बॅरलं उभी राहिली. ती चालवायचा भागवत. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला जड. शेतात त्या साली काही उगवलंच नव्हतं, घर गाडीच्या पगारावर चाललं होतं. आणि हा भागवत चप्पल कॅबिनमध्ये सीटखाली ठेवून अनवाणी पायानं गाडी चालवायचा.

तो आला आणि म्हणाला, "मिस्त्री, घाट उतरताना पेडल पायाखालून निसटायलंय. दोनदा दाबल्याबिगर ब्रेक धरत न्हाई."

मी चहा खाली ठेवला. जाऊन पेडल दाबलं. चांगलं टणक होतं. तरीपण मागच्या चाकाचा एक रबर बदलला, कारण त्यातून ऑइल पाझरत होतं. मागची चाकं वर उचलून खाली घोडे, म्हणजे लोखंडी टेकू, लावले, रीतीप्रमाणं हवा काढली. पेडल अजून टणक झालं. भागवतनं दाबून बघितलं, मान डोलावली आणि गेला.

पुन्हा आला. तक्रार तीच, उलट वाढलेली. मी मास्टर सिलिंडर उघडलं, पायप बघितले, सगळं ऑइल बदललं, पुन्हा चाकं वर उचलून हवा काढली. गॅरेजात पेडल दगडासारखं. भागवत घाटात गेला की लिबलिबीत. त्यानं गाडी गॅरेजच्या दारातच फिरवून बघितली, ब्रेक कचकन लागला. भागवत माझ्या तोंडाकडं बघायला लागला आणि मी त्याच्या.

तिसऱ्या खेपेला भागवतबरोबर आबा आले. व्हॅनमधून उतरतानाच सुरू झाले. "मिस्त्री, ह्या गड्यानं माझी जनावरं तहानेनं मारायचं ठरवलंय. बॅरलं निम्मीच भरून आणायलाय. घाट बैलगाडीवाणी उतरायलाय. विचारलं तर म्हणतोय ब्रेक न्हाई. तुमी दोनदा बघितलं. ब्रेक हाय का न्हाई?"

मी पेडल दाबलं. आता खोटं कसं बोलू? "आबा, मला तर टणक लागतोय."

"ऐकलं का बे?" आबा भागवतला म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं! घाटाला भ्यालास तर तसं सांग. माझा पुतण्या बसून हाय, सोमवारपासनं तो चालवील."

भागवत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "आबा, पुतण्याला बसवा. पर त्याला बॅरलं निम्मीच भरायला सांगा."

हे ऐकलं आणि मला आतून काहीतरी टोचलं. नोकरी जाणारा माणूस, आणि त्याला काळजी कुणाची, तर त्याच्या जागेवर बसणाऱ्या पोराची. असा माणूस खोटं बोलत नसतो. मी म्हणालो, "आबा, सोमवारपर्यंत थांबा. उद्या मी स्वतः ह्याच्याबरोबर घाटावर जातो."

आबा म्हणाले, "जावा. तुमी म्हणताल ते शेवटचं. तुमी ब्रेक चांगला हाय म्हणलात की पुतण्या बसला." आणि वर गाडीखाली वाकून स्वतःचंच कौतुक केलं, "बघा, गाडी कशी ताठ उभी हाय. मी बाजारातल्या लोहाराकडनं मागच्या कमानीच्या स्प्रिंगला दोन पाटे जास्तीचे घातलेत. आता किती बी बॅरलं टाका, बूड खाली बसायचं नाव न्हाई."

मी म्हणालो, "चांगलं केलं." ह्या दोन शब्दांनी पुढं मला चांगलंच अडचणीत टाकलं, पण तेव्हा कुठं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भागवत रिकामी व्हॅन घेऊन घाट चढलो. वाटेत मी त्याला सांगून जागोजाग ब्रेक मारायला लावले. प्रत्येक वेळी गाडी जागच्या जागी थांबली. भागवतचा चेहरा उतरत चालला होता. म्हणाला, "मिस्त्री, मलाच येड लागलंय का काय? घाट चढताना ब्रेक चांगला, उतरताना खराब. असं कुठं असतंय का?"

"बघू," मी म्हणालो. खरं तर मलाही काही दिसत नव्हतं.

विहिरीवर पोचलो. भागवत मागं जाऊन बॅरलांमध्ये पाण्याचा पायप सोडायला लागला. मी रिकामा बसलो होतो. ड्रायव्हरच्या सीटवर सरकलो आणि सवयीनं पेडलशी चाळा करत राहिलो. दाबायचं, सोडायचं. मीही चप्पल काढून बसलो होतो, म्हणजे भागवतच्या पायाला जे कळतं ते माझ्या पायाला कळावं. पेडल टणक. मागं पाण्याचा आवाज. पहिलं बॅरल भरलं. पेडल टणक. दुसरं भरलं. आणखी दोन बॅरलं भरली, तसं माझ्या तळव्याला वाटलं की पेडल किंचित खाली गेलं. मी पाय उचलला, पुन्हा दाबला. खाली गेलं. ज्या पेडलवर मी तीन खेपा शपथा खात होतो, ते माझ्याच पायाखाली, गाडी जागची हललेली नसताना, एकेका बॅरलाबरोबर मऊ होत चाललं होतं.

"भागवत, पायप बंद कर!" मी ओरडलो.

तो घाबरून पळत आला. "काय झालं?"

"काय झालं न्हाई, सापडलं."

मी अंगातला सदरा काढून गाडीखाली घुसलो. मागच्या ॲक्सलच्या वर, धुळीनं आणि ग्रीसनं माखलेला एक वॉल्व्ह होता, तिथून एक दांडी ॲक्सलपर्यंत गेलेली. ह्या वॉल्व्हचं काम साधं आहे. गाडी रिकामी असली की मागची चाकं हलकी असतात, जोरात ब्रेक लागला तर घसरतात. म्हणून हा वॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब सोडतो. गाडी भरली, बूड खाली बसलं, की दांडी वॉल्व्ह उघडते आणि मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळतो. गाडीला जणू कळतं की आपल्या पाठीवर ओझं किती आहे.

आता आबांचे दोन पाटे! त्यांच्यामुळं रिकाम्या गाडीचं बूड एवढं वर गेलं होतं की दांडी खाली लोंबत होती आणि वॉल्व्ह जवळजवळ बंद. त्यातच मी गॅरेजात मागची चाकं घोड्यांवर उचलायचो, चाकं लोंबकळायची, वॉल्व्ह आणखी आवळायचा. पाझरणाऱ्या रबरातून आणि मग तो बदलताना पायपात हवा शिरली होती, ती मी रीतसर काढत होतो. पण हवा वॉल्व्हच्या पलीकडं बसली होती आणि मी दारच बंद करून पाहुण्याला बाहेर जा म्हणत होतो. रिकाम्या गाडीत पायाचा दाब त्या हवेपर्यंत पोचतच नसे, म्हणून पेडल टणक. पाण्यानं गाडी भरली, दार उघडलं, की पाय थेट हवेवर पडायचा.

माझ्या गॅरेजात ही गाडी भरलेली कधी आलीच नव्हती. येणार कशी? दूध भरलेली गाडी कोणी गॅरेजात लावतं का? नासून जाईल. आणि दुष्काळात पाण्यानं भरलेली गाडी गॅरेजात उभी करणारा माणूस छावणीतल्या बायांनी जिवंत ठेवला असता का? आमच्याकडची रीतच आहे, गाडी मिस्त्रीकडं न्यायची तर रिकामी करून न्यायची. सगळ्यांनी रीत पाळली, आणि ब्रेक बिचारा भरल्या गाडीतच आजारी पडत राहिला.

मी बाहेर आलो. भागवतला सगळं सांगितलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "म्हंजे मी खरं बोलत व्हतो?"

"तू खरं बोलत होतास. मीही खरं बोलत होतो."

"मंग आबांनी काय करायचं?" तो म्हणाला. त्यांच्या पाट्यांना 'चांगलं केलं' म्हणणारा तर मीच होतो.

बॅरलं निम्मी ठेवून पहिल्या गिअरमध्ये आम्ही घाट उतरलो. खाली छावणीवर आल्यावर मी आबांना गाडीखाली बोलावलं. एवढा धिप्पाड माणूस पटका सावरत माझ्या शेजारी पाठीवर आडवा झाला. मी वॉल्व्ह दाखवला, दांडी दाखवली, पाटे दाखवले. आबांनी एका पाट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाटे काढायचे म्हणताव?"

"दोन्ही. ते असले की भरल्या गाडीतही वॉल्व्ह पुरता उघडत नाही. आणि बॅरलं दोन कमी न्यायची. कंपनीनं जेवढं ओझं सांगितलंय तेवढंच."

"आन् पाटे ठेवले तर?"

"तर पुतण्याला सोमवारी बसवा. मी त्या गाडीत बसणार नाही."

आबा गाडीखालून बाहेर आले. अंगावरची धूळही झटकली नाही. "काढा," म्हणाले. "पर ब्रेक तुमी म्हणताव तसा लागला पायजे. आजच्या खेपेला मी सोता पुढं बसणार. घाटात गाडी थांबली, तर भागवत खरा. न्हाई थांबली, तर भागवत बी गेला आन् तुमची मिस्त्रीगिरी बी गेली." आबांचा असा हिशोब. पण त्यांनी स्वतः घाटात बसायचं कबूल केलं, हे मला आवडलं.

पाटे काढायला वेळ लागला नाही. खरी पंचाईत पुढं होती. हवा काढायची तर वॉल्व्ह उघडा हवा, म्हणजे गाडी भरलेली हवी, चाकं जमिनीवर हवीत. आणि पाणी तर जनावरांच्या हौदात ओतून झालं होतं. दगड गोळा करून भरत बसलो असतो तर दिवस मावळला असता. मी छावणीकडं बघितलं. शेडच्या सावलीत संस्थेचे सभासद बसलेले, बाया, माणसं, सगळे आमच्याकडंच बघत होते. दुष्काळात छावणीवर करमणूक म्हणून दुसरं काही नसतं.

"आबा, माणसं भरा गाडीत," मी म्हणालो.

आबांनी आवाज दिला. त्या आवाजाला नाही म्हणणारा गावात जन्मायचा होता. सगळ्यात पुढं गोदाबाई आल्या. दोन म्हशींच्या मालकीण, संस्थेच्या सगळ्यात जुन्या सभासद, तोंडानं तिखट. दारात थांबून म्हणाल्या, "कावून? कशासाठी बसायचं? कुठं न्यायलाव आमाला?"

"कुठंच न्हाई, मावशी. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला गाडी कशाला लागतीय? घरी काय जागा कमी हाय?" असं म्हणत म्हणत त्या चढल्या आणि सगळ्यात आत जाऊन बैठक मारली. त्यांच्या मागं बाकीचे. गाडीचं बूड हळूहळू खाली यायला लागलं. मी खाली पडून दांडीवर नजर ठेवून होतो. "अजून या, अजून या!" एक पैलवान आला, तसा वॉल्व्ह पुरता उघडला. मी म्हणालो, "पैलवान, आता हलू नका. तुम्हीच आमचं शेवटचं बॅरल."

भागवत पेडलवर बसला. मी खालून ओरडायचो, "दाब... धर!" चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करायचो, बुडबुडे फसफसत बाहेर यायचे, मी निपल आवळायचो, "सोड!" आतून बाया टाळ्या वाजवायच्या. त्यांना वाटत होतं, प्रत्येक "सोड"ला काहीतरी गणित जमलं. जमतच होतं. इतकी हवा निघाली की मी तोंडात बोट घातलं. दोन खेपा मी जिला काढली म्हणत होतो ती सगळी इथं मुक्कामाला होती.

एक चाक झालं. दुसऱ्याला हात घातला आणि बुडबुडे एकदम बंद झाले. ऑइलही येईना. मी "दाब, दाब" ओरडतोय, काही नाही. वर बघतो तर गाडीचं बूड वर गेलेलं. बाहेर आलो, तर मागची खोली रिकामी. चहा आला होता! कोणीतरी किटली घेऊन आलं आणि माझं सगळं वजन उतरून चहा पीत उभं राहिलं होतं.

"अहो, चढा वर! तुमच्याबिगर ब्रेक लागत न्हाई!" मी हात जोडले.

गोदाबाईंनी बशीतला चहा फुंकला. "आमाला खाली बसा म्हणलं तर बसतो, वर बसा म्हणलं तर बसतो. चहा कुठं प्यायचा ते बी सांगा आता."

"आत बसून प्या. पण प्या."

मग कपबशा घेऊन सगळे परत चढले. पैलवान शेवटी, दोन कप घेऊन. दुसरं चाक सगळ्यांनी चहा पिता पिता झालं. एवढ्या समाधानात मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गाडीची हवा काढलेली नाही. शेवटी भागवतनं पेडल दाबलं आणि गाडी भरलेली असतानाच ते वरच्या वर थांबलं. त्यानं ते पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघून नुसता हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना बघत होतो.

पण परीक्षा घाटातच व्हायची होती. आबा शब्दाप्रमाणं पुढं बसले. मी मागं बॅरलांजवळ. वर जाऊन गाडी भरली. कंपनीच्या हिशोबानं, दोन बॅरलं कमी, पण असलेली काठोकाठ. घाट लागला. मी बॅरलाला मिठी मारून उभा होतो आणि कॅबिनच्या पाठीला असलेल्या जाळीतून मला आबांचा पटका आणि त्यांचे दोन्ही पाय दिसत होते. ज्या ज्या वळणावर भागवत ब्रेक लावायचा, त्या त्या वळणावर आबांचाही पाय खाली फरशीवर दाबला जायचा. तिथं पेडल नव्हतं, पण आबांना कोण सांगणार?

घाटाच्या मध्यावर मोठं वळण आहे, तिथं उतार सगळ्यात जास्त. आम्ही वळलो आणि समोर मेंढरं! एक मेंढपाळ आपला कळप घेऊन रस्ता ओलांडत होता. मेंढरांना कुठं माहीत, समोर काय येतंय. आबा मोठ्यानं "ए!" असं ओरडले. भागवतनं पेडल दाबलं. एकदाच. गाडी नाक खाली घालून जागच्या जागी उभी राहिली. बॅरलांतलं पाणी जाळीतून उसळून थेट आबांच्या मानेवर आणि पाठीवर पडलं.

मेंढपाळानं आमच्याकडं बघितलं, हातातली काठी हलवली आणि मेंढरं हाकत निघून गेला. आबा पाण्यानं चिंब बसले होते. पटक्यातून पाणी गळत होतं.

"पाणी सांडलं बे," आबा अखेर म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा नव्हता. हळू होता.

"आबा," भागवत म्हणाला, "गाडी थांबली."

"हां. थांबली." आबांनी समोरच्या रस्त्यावर मेंढरांच्या लेंड्या पडलेल्या बघितल्या. "माझा पुतण्या असता तर माझे ते पाटे घालून, वरपर्यंत बॅरलं भरून आणली असती त्यानं. माझ्याच सांगण्यावरनं." आणि हातानंच भागवतला गाडी पुढं घ्यायला सांगितली.

छावणीवर सगळे वाट बघत उभे होते. गोदाबाई पुढं. भिजलेल्या आबांना बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. आबा गाडीतून उतरले, ओला पटका काढून हातात घेतला, आणि कोणी काही विचारायच्या आधी त्या खणखणीत आवाजात, माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका. भागवत खरं सांगत व्हता. गाडीत खराबी व्हती, आन् ती मी बसवली व्हती. पुतण्याचं नाव आता काढायचं न्हाई. ही गाडी भागवतची."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबा चुकले असं आबाच म्हणतायत, हे ऐकायची सवय कोणाला नव्हती. भागवत ड्रायव्हरच्या दारापाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली. मग एकदम वळला, पाण्याच्या हौदापाशी गेला, खाली बसला आणि ओंजळीनं भराभर तोंडावर पाणी मारायला लागला. तोंड धुण्याइतका तो मळलेला नव्हता. पाठ आमच्याकडं होती, खांदे हलत होते.

"ए भागवत," गोदाबाई ओरडल्या, "जनावरांचं पाणी हाय ते! किती सांडायलास?"

आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "धुऊ दे, गोदाबाई," ते म्हणाले. "आज त्याला पायजे तेवढं घेऊ दे."

मी पान्हा उचलला आणि गाडीखाली शिरलो. तिथं माझं काहीच काम उरलेलं नव्हतं, पण मी बराच वेळ तिथंच पडून राहिलो.